गाडीचा फायबरचा भाग तडकलाय? घरच्या घरी दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डेंटर नाही. माझ्याकडे एक जुनी जीप आहे, तिला फायबरचा टप, म्हणजे छत, आहे आणि तो आजवर तीनदा तडकला. पहिली दुरुस्ती चार महिन्यांत निघून आली, दुसरी अर्धवट टिकली, तिसरी अजून शाबूत आहे. त्यानंतर ओळखीतले लोक आपापली पॅनल आणि मडगार्ड घेऊन यायला लागले. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझा भाग फायबरचाच आहे हे कसं ओळखायचं?

भाग काढून उलटा करा. मागची बाजू खरखरीत असेल, रंगाखाली पसरलेले केसांसारखे धागे दिसत असतील, तर तो फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन (वाळून कडक होणारं चिकट द्रव्य) बसवून केलेला. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील आणि मागे कुठेतरी ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी अक्षरं उठवलेली असतील, तर ते प्लॅस्टिक. आजच्या बहुतेक मोटारींचे बंपर पीपीचे असतात. त्यावर फायबरचं रेझिन धरतच नाही, कितीही घासा. त्याला प्लॅस्टिक वेल्डिंग करणारा गाठावा. अजून शंका असेल तर तुटलेला बारीक तुकडा पाण्यात टाका. पीपी सहसा तरंगतं, फायबर बुडतं.

गाड्यांमध्ये फायबर नेमकं असतं कुठे?

आपल्याकडे मुख्यतः बाहेरून बसवलेल्या भागांत: जीपचे टप, ट्रॅक्टरची छतं, मिनीबस आणि बसचे पुढचे-मागचे भाग, मोटरसायकलच्या फेअरिंग (पुढची-बाजूची आवरणं), साइड बॉक्स, सीटमागचे कुबड. अख्खी बॉडी फायबरची असलेल्या गाड्या थोड्या. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट आली ती फायबरच्याच बॉडीत. भारतात बंगळुरूच्या सिपानीने बादल आणि डॉल्फिन काढल्या, गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन सीटची उघडी गाडी तयार झाली. यांपैकी एखादी तुमच्याकडे असेल तर खालचं सगळं तुम्हालाही लागू आहे, फक्त हात जरा जपून चालवा. सुटा भाग बाजारात मिळणार नाही.

तडा वरवरचा आहे की आरपार, हे कसं कळेल?

एक रुपयाचं नाणं घ्या आणि त्याच्या कडेने तड्याच्या आजूबाजूला टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो. आतले थर सुटले असतील तिथे तो एकदम बोदा होतो, फुटक्या मडक्यासारखा. बोदा आवाज जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे मार्करने खूण करा. तडा बोटभर दिसत असतो आणि आत वीतभर सुटलेलं असतं, असं अनेकदा होतं.

दुसरी युक्ती थिनरची. फडकं थिनरमध्ये ओलं करून तड्यावरून फिरवा आणि बघत राहा. बाकीचा पृष्ठभाग लगेच सुकतो, चिरेतला थिनर क्षणभर रेंगाळतो, आणि डोळ्यांना आधी न दिसलेलं टोक काळ्या रेघेसारखं उमटतं. ते खरं टोक.

एम-सील किंवा लांबी भरून रंग मारला तर चालत नाही का?

रोज कोणीतरी हा प्रश्न विचारतं, म्हणून सविस्तर सांगतो.

भरता येतं, आणि रंग मारल्यावर झकास दिसतंही. पण फायबरचं बळ काचेच्या धाग्यात असतं. रेझिन त्या धाग्यांना जागेवर धरून ठेवतं, इतकंच त्याचं काम. तडा गेला म्हणजे धागे तुटले. एम-सील आपल्या जागी उत्तम वस्तू आहे, लांबीही. पण दोन्हींत धागा नाही. गाडी खड्ड्यातून गेली की भाग पिळवटतो आणि भरलेली रेघ सगळ्यांत आधी सुटते. गोधडी फाटली तर आजी फाटल्या कडांना डिंक लावत नव्हती. ती ठिगळ लावायची, आणि टाका चांगल्या कापडावर दूरवर न्यायची. इथेही तेच: तुटलेल्या जागेवर नवे धागे घालायचे आणि ते दोन्ही बाजूंच्या शाबूत भागावर लांबपर्यंत पसरू द्यायचे.

आणि ठिगळ लावायचं ते मागून. तडा दिसतो पुढून म्हणून सगळे पुढूनच तुटून पडतात. मागून जोड पक्का झाला की पुढे उरते ती फक्त रंगरंगोटी.

सामान काय काय आणावं?

फायबरचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. मोठ्या शहरांत अशी दुकानं असतातच, आणि कोकणात फायबरच्या होड्या बनतात तिथेही हे सामान मिळतं. साधं पॉलिस्टर रेझिन (दुकानात ‘जीपी रेझिन’ म्हणा), हार्डनर (रेझिन कडक करणारं औषध), आणि ३०० किंवा ४५० ग्रॅमची चॉप मॅट (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई). हा आकडा म्हणजे एका चौरस मीटर मॅटचं वजन. सोबत एक-दोन इंची स्वस्तातले ब्रश, एसीटोन, कागदी पेले, सुई नसलेली सिरिंज, रबरी हातमोजे, आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर भरपूर. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा लागेलच, पण तो नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे घरी आधीच सांगून टाका.

थर्माकोलचा पेला मात्र वापरू नका. रेझिनमधलं स्टायरिन तो विरघळवून टाकतं आणि सगळा ऐवज तुमच्या चपलेवर येतो.

दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या. जांभळी कशासाठी?

ते कोबाल्ट. रेझिनला गती देणारं औषध. पाण्यासारखी दिसणारी बाटली हार्डनरची, म्हणजे एमईकेपी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. एकच चमचा दोन्ही बाटल्यांत घालायचा नाही, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचं, आणि लावायच्या वेळी मगच हार्डनर.

माझं मत विचाराल तर कोबाल्ट घरी आणूच नका. दुकानदाराला सांगा, ‘कोबाल्ट मारून द्या.’ तो प्रमाणात मिसळून देतो आणि एक धोका दुकानातच राहतो. तसं रेझिन जरा गुलाबी-जांभळट दिसतं.

हार्डनर डोळ्यांत गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. चष्मा घाला, नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला. उडालाच तर त्याच क्षणी नळाखाली डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटं धुवा आणि मग थेट डॉक्टर. आधी फोन, मग पाणी असं करू नका.

साधा मास्क पुरेल का?

दोन वेगळे धोके आहेत. घासताना उडते ती काचेची धूळ, तिला एन-९५ चालतो. रेझिन लावताना येते ती स्टायरिनची वाफ, तिला एन-९५चा काहीही उपयोग नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचा काडतुसाचा मास्क लागतो. काम अंगणात किंवा गच्चीवर करा. मी पहिल्यांदा बंद जिन्याखाली केलं, आणि तो उग्र वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्यावर काकू ‘गॅस गळतोय का रे?’ म्हणत खाली आल्या. जवळ उदबत्तीसुद्धा पेटलेली नको.

पॉलिस्टर रेझिन घ्यावं की इपॉक्सी रेझिन?

इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं, वासही कमी, पण महाग. आणि त्याच्याबरोबर चॉप मॅट नीट भिजत नाही. त्या मॅटमधले धागे ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते सहसा स्टायरिनमध्ये विरघळतं, आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं. इपॉक्सी घ्यायचं तर विणलेलं काचकापड घ्या. एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर परत पॉलिस्टर रेझिन नको, ते धड धरत नाही. टप, पॅनल, मडगार्डसाठी पॉलिस्टर पुरतं.

तडा तयार कसा करायचा?

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. आधी माझी फजिती सांगतो. टपाच्या आतल्या बाजूला करडा रंग होता. मी तो जरासा घासल्यासारखं केलं आणि त्यावरच मॅट चढवली. चार महिन्यांनी एका सकाळी आत हात फिरवला तर अख्खं ठिगळ पापडासारखं हातात आलं. उलटून बघितलं तर त्याच्या पाठीला करडा रंग सगळीकडे चिकटलेला. रेझिनने रंगाला घट्ट धरलं होतं. रंगाने फायबरला धरलं नव्हतं.

तेव्हा आधी साबणाने, मग एसीटोनने पुसून तेल, मेण, पॉलिश काढा. हे घासण्याआधी करा, नाहीतर तेच मेण घासून आत रगडलं जातं. तड्याच्या दोन्ही खऱ्या टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावणार नाही. दोन्ही कडा एका पातळीत आणून पुढच्या बाजूने रुंद सेलोटेपने आणि वाटल्यास लाकडी पट्टीने बांधून टाका. वर-खाली राहिलेली कड नंतर लांबीने लपत नाही.

आता मागून ८० नंबरने किंवा ग्राइंडरने घासा. रंग पूर्ण जाऊन कच्चं फायबर, धाग्यांसकट, दिसलं पाहिजे. तड्याकडे उतार येऊ द्या, बशीसारखा: कडेला उथळ, मधोमध खोल. उताराची रुंदी जाडीच्या दहा-बारा पट. म्हणजे भाग ३ मिलिमीटर जाड असेल तर तड्याच्या प्रत्येक बाजूला ३० ते ३६ मिलिमीटर. ऐकायला फार वाटतं, पण जोडाला धरायला जागा मिळते ती ह्या उतारातच. नाण्याने बोदी सापडलेली जागा पूर्ण खरवडून काढा, सुटलेल्या थरावर नवा थर लावून काही साधत नाही. शेवटी धूळ झटका, एसीटोनचं फडकं एकदा फिरवा आणि त्यानंतर तिथे उघडं बोट लावू नका.

मॅट आणि रेझिन किती लागेल?

४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. ३ मिलिमीटर जाड भागाला तीन थर. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट. समजा ठिगळ ३० बाय १५ सेंटिमीटर. एका थराची मॅट सुमारे २० ग्रॅम, तीन थरांची ६०, म्हणजे रेझिन १५० ग्रॅमच्या आसपास. तेही एकदम कालवू नका, ७५-७५ ग्रॅमचे दोन घाणे करा.

हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. कडक उन्हाळ्यात १ टक्का, थंडीत २. मधल्या हवेत १०० ग्रॅमला साधारण दीड मिलिलिटर, सिरिंजने मोजून. अंदाजपंचे ओतू नका. जास्त घातलं तर रेझिन तापतं, ठिसूळ होतं, पेल्यातच धूर सोडतं. कमी घातलं तर आठवडाभर चिकटच. आधी २० ग्रॅमचा नमुना करून घड्याळ लावा. वीसेक मिनिटं हाताशी मिळाली पाहिजेत.

प्रत्यक्ष थर कसे लावायचे?

मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा. फाडलेली कड विस्कटलेली असते आणि खालच्या थरात मिसळून जाते, कापलेल्या कडेची पायरी राहते. तीन तुकडे चढत्या आकाराचे करा. आधी जागेवर रेझिनचा हात द्या, मग सगळ्यांत लहान तुकडा ठेवा आणि ब्रशने ठोकत भिजवा. ब्रश ओढू नका, धागे गोळा होऊन बाहेर येतात. नुसतं ठोकायचं. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होत जाते. एखादा पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे, तिला ब्रशच्या टोकाने कडेपर्यंत हाकलत न्या. लगेच दुसरा तुकडा, मग तिसरा. वर रेझिनचं तळं साचलं असेल तर ते ब्रशने उचलून घ्या.

मध्येच पेल्यातलं रेझिन श्रीखंडासारखं घट्ट होऊ लागेल. तिथेच थांबा. तो घाणा गेला. लोक चिकाटीने तेच फासत बसतात आणि आत हवेचे फुगे कोंडतात.

दुसऱ्या दिवशीही वरून चिकट लागतंय. बिघडलं का?

नखाने दाबून बघा. आत कडक आणि वरचा पापुद्रा तेवढा चिकट असेल तर ठीक आहे. साधं रेझिन हवेला उघडं असतं तिथे पूर्ण वाळत नाही. एसीटोनने पुसा आणि घासा. पुढच्या वेळी शेवटच्या थरावर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट दाबून ठेवा, ती नंतर सहज सुटून येते. पण नख आत रुतत असेल तर हार्डनर कमी पडला किंवा ढवळला गेला नाही. खरवडून पहिल्यापासून. वरून नवा थर देऊन खालचा वाळेल अशी आशा ठेवू नका, मी ठेवली होती.

पावसाळ्यात करता येईल?

टाळा. दमट मॅट दुधी पडते आणि थर एकमेकांना धरत नाहीत. अडलंच तर मॅट आदल्या दिवशी दिव्याखाली सुकवा आणि उघडीप बघून दुपारी काम करा. पारा १५ अंशांच्या खाली असतानाही रेझिन रेंगाळतं.

तुकडाच पडून हरवलाय.

पुढच्या बाजूने आधार द्या. पुठ्ठ्यावर पॅकिंगची तपकिरी टेप गुळगुळीत चिकटवा आणि तो पॅनलच्या वळणाप्रमाणे वाकवून बांधा. टेपला रेझिन चिकटत नाही. मग मागून भोकाच्या मापाचे थर आणि त्यावर बाहेर पसरणारे थर. वळण अवघड असेल आणि दुसऱ्या बाजूचा तसाच भाग शाबूत असेल तर त्यावरून माप घ्या, पण डावं-उजवं उलट होतं हे विसरू नका.

मागून हात पोचतच नाही. मग?

मग पुढून. उतार पुढच्या बाजूला काढायचा आणि थर पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच थांबवायचे, लांबीला जागा हवी. मेहनत जास्त, कारण रंगाचा मोठा पट्टा परत करावा लागतो.

बोल्टच्या भोकापाशीच परत परत तडकतं.

तिथे दोष दुरुस्तीचा कमी आणि बसवण्याचा जास्त. बोल्ट आवळून आवळून घट्ट केलेला, खाली पिटुकला वॉशर, रबर नाही. फायबरला लवायला जागा नाही, मग ते तडकतं. माझ्या टपाचा मागचा उजवा कोपरा असाच जात होता. जीप खडबडीत रस्त्यावर पिळवटते आणि टप चारही कोपऱ्यांत जखडलेला. जुनं भोक पूर्ण बुजवून तिथे पाच थर दिले, दोन दिवसांनी नवं भोक बोल्टपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठं पाडलं, खाली-वर रबर आणि रुंद वॉशर घातले, बोल्ट रबर दबेपर्यंतच आवळला. तीच ती तिसरी दुरुस्ती.

रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत, आरपार काही नाही.

त्या जेलकोटच्या, म्हणजे वरच्या कडक थराच्या. नाण्याचा आवाज टणक असेल तर मॅटची गरज नाही. पण नुसता रंग मारलात तर काही महिन्यांत त्याच चिरा त्याच जागी वर येतात. प्रत्येक चीर टोकदार अवजाराने इंग्रजी व्हीसारखी उघडा, त्यात जेलकोट किंवा पॉलिस्टर लांबी भरा. चिरा फार असतील तर तो सगळा पट्टा फायबरपर्यंत घासलेला सोपा पडतो.

रंगाचं काम कसं करायचं?

निदान दोन-तीन दिवस थांबा, शक्यतो भाग उन्हात ठेवा. घाई केली तर रेझिन नंतर आकसतं आणि चकाकत्या रंगाखाली मॅटचे धागे उमटतात. पुढची बाजू १२० ने घासा, पॉलिस्टर लांबी पातळ द्या, दोन मिलिमीटरच्या वर नको. मग १८०, ३२०, दोन घटकांचा प्रायमर, ४०० किंवा ६०० चा पाणपेपर, आणि रंग. शेड जुळवणं घरी जमत नाही. भाग रंगवाल्याकडे घेऊन जा, लाज वाटायचं कारण नाही. गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करावी लागते.

काय घरी दुरुस्त करू नये?

हेल्मेट. तडकलं की टाकून द्यायचं, त्यावर चर्चा नाही. फायबरची पेट्रोल टाकीही नको: हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि साधं पॉलिस्टर रेझिन त्याला टिकत नाही. ज्या भागावर सीट किंवा सीटबेल्ट बसतो तोही नको.

उरलेलं रेझिन कुठे टाकू?

हार्डनर घातलेला पेला कचरापेटीत टाकू नका, तो तापत असतो. बाहेर फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब, गार आणि टणक होईपर्यंत ठेवा, मग कचऱ्यात. हार्डनर सांडला तर भुसा किंवा कागद टाकू नका, पेट घेऊ शकतो, भरपूर पाण्याने धुवा. ब्रश एसीटोनमध्ये लगेच बुडवला तर वाचतो. मी अजून एकही वाचवलेला नाही.

दोन दिवस झाले, अंगाची खाज जात नाही.

काचेची कुसळं. गरम पाण्याने आंघोळ केली असणार. त्याने खाज आणखी वाढते. गार पाणी, साबण, न चोळता. उरलेली रुंद सेलोटेप कातडीवर दाबून उचला. आणि ते कपडे घरच्या धुण्यात घालू नका, नाहीतर पुढचे दोन दिवस सगळं घर खाजवत बसेल.